वाटीखालची अळंबी

रविवारी सून उशिरा उठायची, आणि तिच्या आधी उठून मावशी दूध तापवून ठेवायच्या. त्या दिवशीही त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं, चमचाभर कच्चं दूध जिभेच्या टोकावर घेतलं, डोळे मिटून जरा थांबल्या आणि मगच गॅस पेटवला. पेटवल्यावर वाकून ज्योत सगळीकडून लागलीय ना ते पाहिलं. शेजारची कळ बंद आहे ना, तीही बोटाने चाचपली. गेल्या थंडीपर्यंत यातलं काहीएक त्या करत नसत. पातेल्यावरून नुसतं नाक फिरवलं की दूध आज टिकणार की नासणार ते त्यांना कळे.

गल्लीत त्यांना नाकमावशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. कुणाच्या घरी गॅसची नळी गळतेय का, माठाला कुबट वास लागलाय का, पावाला आतून बुरशी धरलीय का, असलं काही असलं की माणसं ती वस्तू घेऊन मावशींच्या दारात उभी राहत. आणता येण्यासारखी वस्तू नसेल तर मावशींनाच घेऊन जात.

दूध अजून कोमटच होतं आणि दारावर थाप पडली. थाप कसली, धडकाच. असं दार एकच माणूस वाजवायचा. समोरचा ड्रायव्हर. शाळेची बस चालवून चालवून त्याला इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागली होती. बस उभी असली तरी आवाज चालूच.

"मावशी! उठलात ना? बघा काय घबाड आणलंय!"

त्याच्या हातात मोठी परात होती आणि परातीत अळंब्यांचा ढीग. मधाच्या रंगाच्या, नाण्याएवढ्या टोप्या, खालून एकमेकींना चिकटलेल्या. पहाटेचा ओलावा अजून त्यांच्यावर चकाकत होता.

"गॅरेजच्या मागे ते मोठं झाड पडलंय ना, सडत पडलेलं? त्याच्यावर. मधाळीच आहे, मला पक्कं माहितेय. पण म्हटलं तुमच्या नाकाखालून गेल्याशिवाय चुलीवर चढवायची नाही. आज लेक-जावई जेवायला येतायत. जावयाला सांगून ठेवलंय, आज असं खिलवतो की जन्मात विसरणार नाहीस."

"बायको कुठाय तुझी?"

"गेलीय बहिणीकडे. म्हणून तर स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे! घ्या, ही बघा." त्याने ढिगाच्या वरची, सगळ्यात देखणी अळंबी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

मावशींनी ती नाकाशी नेली. सवयीनेच नेली. हवा आत गेली, गार हवा, ओलसर हवा, आणि बस्स. कोऱ्या भिंतीला नाक लावावं तसं. त्यांनी अळंबी आणखी जवळ धरली, टोपीचा काठ नखाने मोडला, पुन्हा श्वास ओढला. काही नाही. आता याला काय सांगावं, "ठेवून जा, बघते" म्हणावं का, असा विचार त्यांच्या मनात चालला होता, तेवढ्यात न्हाणीघरातून सून ओरडली,

"आई! दूध! उतू जातंय, वास येतोय!"

मावशी वळल्या आणि आत धावल्या. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं. गॅस बंद करून, फडकं टाकून त्या परत दारात आल्या तेव्हा दार रिकामं होतं. ड्रायव्हर परातीसकट रस्ता ओलांडून आपल्या घरात शिरत होता आणि शीळ घालत होता.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याची चूक नव्हती. गल्लीचा नियमच तसा होता, आणि तो मावशींनीच घालून दिलेला होता.

मावशींचं सगळं आयुष्य धान्याच्या गोदामात गेलं. ट्रकमधून पोती उतरली की टोकदार नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे बाहेर काढायचे आणि त्यांचा वास घ्यायचा. भिजून वाळवलेला गहू, आतून तापलेला मका, उंदराचा वास लागलेली डाळ, हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला दिसतं. गोदामात भुसा उडायचा, हमालांची आरडाओरड चालू असायची, तिथे कोण कुणाशी बोलणार? म्हणून खराब पोत्याला लाल सुतळी बांधायची आणि चांगल्या पोत्यापाशी काही न बोलता पुढे जायचं. पुढे गेली म्हणजे पोतं पास. नवरा लवकर गेला, पोरगा लहान होता, आणि त्या नाकावर घर चाललं. साहेब लोक बदलत गेले, पण प्रत्येक नव्या साहेबाला जुना साहेब जाताना सांगून जाई, "बाई गप्प असली की सही करा."

निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. वस्तू खराब असेल तर मावशी ती बोटाच्या टोकाने दूर सारत आणि म्हणत, "लाल." चांगली असेल तर काही न बोलता आपल्या कामाला लागत. गल्लीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पोरी आपापसात म्हणत, "अगं, तो मुलगा? मावशींना विचारशील तर लाल!"

आणि आज मावशींनी अळंबी हुंगली होती, आणि काही न बोलता आपल्या कामाला गेल्या होत्या.

नाक गेलं होतं थंडीतल्या तापात. ताप आला, सर्दी झाली, दोन्ही बरी झाली, वास मात्र परत आला नाही. आधी वाटलं येईल. मग वाटलं उन्हाळ्यात येईल. डॉक्टर म्हणाले होते, कुणाचा येतो, कुणाचा नाही. मावशींनी घरात सांगितलं नाही, कारण त्याच सुमारास मागच्या गल्लीतल्या एका आजोबांनी शेगडी चालू ठेवली आणि बाहेर फिरायला गेले. पडदा पेटला तेवढ्यावर निभावलं. पण परगावी नोकरीला असलेला मावशींचा मुलगा फोनवर बोलून गेला, "म्हातारी माणसं एकटी गॅसपाशी नकोतच. नुसता वास आला नाही एखाद्या दिवशी तर संपलं." ते मावशींसाठी नव्हतं, आजोबांबद्दल होतं. पण मावशींनी ते गाठीशी बांधलं. सून दिवसभर चष्म्याच्या दुकानात, मुलगा परगावी. स्वयंपाकघर काढून घेतलं तर आपण या घरात करायचं काय? खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं?

म्हणून त्या सांभाळून घेत होत्या. दूध जिभेवर, भात कानाने, कांद्याचा रंग डोळ्याने. आणि सून घरात असली की त्यांची एक खास युक्ती होती. मध्येच थांबून, भुवया उंचावून त्या विचारत, "कसला गं वास येतोय?" सून नाक वर करून सांगे, "भाजी लागतेय वाटतं आई," नाहीतर, "काही नाही, शेजाऱ्यांचं काहीतरी." की मावशींचं काम झालं.

आता हातात ती एक अळंबी तेवढी उरली होती.

अळंबीची ओळख त्यांना नाकाने नव्हती झाली. ती करून दिली आत्याने. आत्याच्या घरामागे लाकडाची वखार होती, पडीक ओंडके सडत पडलेले असायचे, आणि त्यांच्यावर उगवणाऱ्या अळंब्या आत्या ओळखायची. मधाळी खायची. तिच्यासारखीच दिसणारी तांबेरी, तिला हातही लावायचा नाही. लाकूड तेच, रंग तोच, घोस तसाच. तांबेरी खाल्लेला माणूस त्या दिवशी हसत-खेळत असतो, दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं, बरं वाटतं, आणि मग विष यकृताला धरतं. आत्या सांगायची, देठ बघ, देठावरचं कडं बघ, आणि तरीही घाई करू नको. टोपी कापून कागदावर उपडी ठेव, वर वाटी घाल. बसू दे निवांत. पांढरी भुकटी पडली तर मधाळी. गव्हावरच्या तांबेऱ्यासारखी विटकरी पडली तर खड्डा खणून पूर.

मावशी तेव्हा लहान पोर होती, एवढा धीर कुठला? तिच्या नाकालाच कळायचं. मधाळीला ताज्या भुशाचा गोडसर वास, तांबेरीला शिळ्या पिठाचा. ती कागदाआधीच उत्तर सांगायची आणि बरोबर सांगायची. आत्या मात्र चिडायची. "नाकाला सर्दी होते गं बाई. कागदाला होत नाही."

मावशींना आत्ता, ओट्यावरचं दूध पुसता पुसता, आत्याचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

त्यांनी कपाटातून आपल्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. काळा कागद घरात दुसरा कुठला असणार? त्याच्यावर अर्ध्या भागात एक पांढरा लिफाफा ठेवला, म्हणजे पांढरी भुकटी काळ्यावर दिसेल आणि तांबडी पांढऱ्यावर. अळंबीचा देठ कापून टोपी बरोबर मध्यावर उपडी ठेवली, वर पाण्याचा एक थेंब सोडला आणि वाटी घातली. सगळा सरंजाम खिडकीत, कुंडीच्या आड.

मग त्या खुर्चीत बसल्या. लगेच उठल्या. खिडकीतून समोर पाहिलं. ड्रायव्हरच्या पायरीवर परात होती आणि तो मोरीच्या पाइपाने अळंब्या धूत होता. त्या आत आल्या, कणभर वाटी उचलली. काही नाही. ठेवली. डबे पुसायला काढले, दोन पुसले, तिसरा हातात घेऊन पुन्हा खिडकीशी. समोर आता पायरी रिकामी. चिरायला घेतल्या असतील का? वाटी उचलली. अर्थातच काही नाही. टक लावून बघत बसलं म्हणून शेगडीवरचंही लवकर शिजत नाही, आणि ही तर शेगडीही नव्हे.

"आई, वाटीखाली काय दडवलंय?"

सून केस टॉवेलने गुंडाळून मागे उभी होती. चष्म्याच्या दुकानात काम करून तिची नजर अशी झाली होती की माणसाचा नंबर ती रस्त्याच्या पलीकडून सांगेल.

"झुरळ," मावशी म्हणाल्या.

"झुरळ? एक्स-रेवर?"

"पाय दुखतोय म्हणालं."

सून हसली, पण तिथून हलली नाही. "सकाळपासून तुमचं काय चाललंय? तीनदा खिडकीत, चारदा वाटीत. तुम्हाला कुठे बसवतच नाहीये. बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तू केस वाळव."

आणि सुनेला पुढे बोलायला जागा न देता त्या चप्पल अडकवून बाहेर पडल्या. सांगून टाकायचं, एवढंच ठरवून निघाल्या होत्या. रस्ता ओलांडेपर्यंत वाक्यही तयार होतं.

ड्रायव्हरने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात सुरी होती आणि कमरेला बायकोचा फुलाफुलांचा एप्रन. "या या! मघाशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला पण सांगितलं, मावशींनी पास केलंय म्हणून. तोही वाटीभर मागतोय. मी म्हटलं, आधी जावई, मग तू. तुम्ही पण इथेच जेवा."

मावशींनी तयार वाक्य तोंडात आणलं, आणि बाहेर भलतंच निघालं. "सगळी एकाच झाडावरची का रे?"

"एकाच! पण झाड केवढं! एका अंगाने कोरडं आहे आणि दुसऱ्या अंगाने गटाराकडे कलून भिजत पडलंय. दोन्हीकडून काढली. एक सोडली नाही."

"देठ दाखव."

"देठ? ते चिवट असतात, टाकून दिले. महापालिकेची गाडी घेऊन पण गेली. का?"

"काही नाही. घाई करू नकोस. जरा पाण्यात राहू दे."

"राहू देतो की! ती दोघं आल्याशिवाय कढई तापवायचीच नाहीये."

मावशी परत फिरल्या. रस्त्याच्या मध्यावर थांबल्या, मागे वळल्या, पुन्हा पुढे वळल्या. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. "आजी, ठरवा एकदा!" आपल्या घराच्या पायरीवर बसल्या तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला होता. एवढा वेळ समोर उभी होते, माझी जीभ कुणी धरली होती?

सूर्य वर आला. सुनेने केस वाळवले, कपड्यांची घडी घातली, मधूनमधून सासूकडे पाहिलं. मावशी उठत-बसत राहिल्या. कुणीही समोरचं दार वाजवलं की त्या ताठ व्हायच्या. एकदा पेपरवाला निघाला, एकदा इस्त्रीवाला. मग एक मोटारसायकल येऊन थांबली आणि तिच्यावरून ड्रायव्हरची लेक नि जावई उतरली. लेकीने हात हलवला. "मावशी! बाबांनी फोनवर सांगितलं, तुम्ही पण येताय ना?"

मावशी तडक आत गेल्या आणि वाटी उचलली.

टोपीच्या कडेने, गुडघ्याच्या वाटीच्या फिकट सावलीवर नव्हे, तिच्या शेजारच्या निव्वळ काळ्यावर, एक नाजूक पांढरा पसारा पडला होता. रांगोळीच्या चिमटीसारखा. लिफाफ्यावर विटकरी रंगाचा एक कणही नाही. त्यांनी चष्मा चढवून पाहिलं, बोट लावून पाहिलं. बोट पांढरं झालं.

मधाळी.

त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे झालं. न सांगता निभावलं. ड्रायव्हर रांधेल, जावई खाईल, मावशींनी पास केलं म्हणून न्हावी पण खाईल, आणि दूध उद्या सकाळी पुन्हा आपणच तापवू. त्यांनी एक्स-रे पुसायला फडकंसुद्धा घेतलं.

फडकं हातातच राहिलं.

वरची होती ती. ढिगावरची, सगळ्यात देखणी, त्याने मुद्दाम निवडून दिलेली. गोदामात वरची पोती कधी खराब निघाली होती? वरची पोती दाखवायचीच असतात. नळी खुपसायची ती खालच्या थरात, मागच्या रांगेत, गाडीच्या कोपऱ्यात. एका पोत्यावर अख्खी गाडी पास करणाऱ्याला मावशींनी दारात उभं केलं नसतं. आणि झाड दोन अंगांचं होतं, एक कोरडं, एक गटाराकडचं. आत्याच्या वखारीत एकाच ओंडक्यावर दोघी शेजारी शेजारी उगवायच्या, आत्या दोन टोपल्या घेऊन जायची.

या वेळी त्या चप्पल घालायलाही थांबल्या नाहीत.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून कढईचा चर्र आवाज येत होता. लेक पाणी भरत होती, जावई स्टुलावर बसून सासऱ्याचं पाककौशल्य कौतुकाने बघत होता, आणि ड्रायव्हरने परतलेल्या कांद्यावर चिरलेल्या अळंब्यांची पहिली ओंजळ टाकली होती. दुसरी हातात होती.

"लाल," मावशी म्हणाल्या.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"लाल! ऐकलंस का? सगळंच लाल. खाली उतरव."

ड्रायव्हर वळला आणि हसला. "मावशी, थट्टा का करताय गरिबाची? सकाळी पास आणि आता लाल?"

"सकाळी पास नव्हतं. सकाळी दूध उतू गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी गप्प राहिले ते पास म्हणून नाही. मला वास आलाच नाही. मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून कशाचाच येत नाही."

लेकीने पुढे होऊन गॅस बंद केला. कढई थोडा वेळ एकटीच तडतडत राहिली.

"पण ही मधाळीच आहे," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा झाला होता. "मी ओळखतो."

"एक आहे. तिची भुकटी मी पाडून बघितली, पांढरी पडली. बाकीच्यांचं मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. देठ असते तर काही कळलं असतं. आता ती आत्याला पण कळली नसती."

त्या परातीवर वाकल्या. सगळ्यात खाली, अजून न चिरलेल्या काही टोप्या होत्या. पाइपाचं पाणी सगळीकडे पोचलं नव्हतं. वरच्या टोपीची भुकटी खालच्या टोपीवर पडून राहते, ती बऱ्याच ठिकाणी पांढरी दिसत होती. एका टोपीच्या खोलगट भागात मात्र तांबूस काहीतरी होतं. मावशींनी ती उजेडात धरली. कुजक्या लाकडाचा भुगा असेल. तांबेरी असेल. बोटावर घेऊन चोळलं तरी कळेना.

"हे काय आहे?" जावयाने विचारलं.

"माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच खायचं नाही."

ड्रायव्हरने कढई उचलली, परात उचलली, आणि दोन्ही कचऱ्याच्या पिशवीत रिकामी केली. पिशवीची गाठ मात्र त्याने नको इतकी जोरात आवळली. "सकाळीच सांगितलं असतंत तर बाजारातून काही आणलं असतं. जावई पहिल्यांदा माझ्या हातचं खाणार होता."

मावशींनी रिकामी परात उचलून मोरीत ठेवली.

"अंडी आहेत ना?" जावई म्हणाला. "मला अंडी फार आवडतात."

"खोटं बोलतो," लेक म्हणाली. "आणि मावशी, लग्नाआधी याला पण तुम्हीच पास केलं होतंत. ते तरी नाक असताना ना?"

"तेव्हा होतं. पण याने अत्तर इतकं ओतलं होतं की खालचं काही कळलं नाही."

लेक खळखळून हसली, जावई लाजला, ड्रायव्हरच्याही मिशा हलल्या. आणि तशाच थांबल्या.

"मावशी. मागच्या महिन्यात मी तुम्हाला बसपाशी नेलं होतं. डिझेल गळतंय का बघायला."

"हो."

"तुम्ही इंजिनाशी वाकलात आणि काही न बोलता घरी गेलात."

"हो. खाली जमिनीवर डाग नव्हता, तो मी बघितला. पण वास..."

"म्हणजे तेव्हाही?"

"तेव्हाही."

ड्रायव्हरने एप्रन सोडला, किल्ल्या घेतल्या आणि जेवणाचं, जावयाचं काहीएक न बोलता गॅरेजच्या दिशेने चालू लागला. दारात त्याला बाजूला व्हावं लागलं, कारण तिथे मावशींची सून उभी होती. सासू अनवाणी रस्ता ओलांडते म्हटल्यावर ती त्यांच्या चपला हातात घेऊन मागोमाग आली होती. तिने किती ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

तिने चपला खाली ठेवल्या. मावशींनी पाय घातले. दोघी घरी आल्या.

सुनेने आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन शेगडीच्या कळा बघितल्या, खिडकी उघडली, सिलिंडरची नळी हाताने चाचपली. मावशी दारातच थांबल्या. टेबलावर सुनेचा फोन होता. तो तिने उचलला की मुलाला लागणार आणि मग संध्याकाळपर्यंत सगळं ठरलेलं असणार, हे त्यांना दिसत होतं. सुनेने फोन उचलला, हातात धरला, आणि तसाच धरून वळली.

"त्या दिवशी गॅसची कळ उघडी राहिली होती, घरभर वास होता आणि मी येऊन खिडक्या उघडल्या. तुम्ही म्हणालात, मी आत्ताच बाहेरून आले."

"बाहेरून नव्हते आले. इथेच बसले होते."

"आई!"

"हो."

सून फेऱ्या मारू लागली. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. आता अस्वस्थ व्हायची पाळी तिची होती. मग मध्येच थांबली. "थांबा. ते 'कसला गं वास येतोय', ते काय होतं?"

मावशींनी चपला काढून नीट जोडीने ठेवल्या.

"ते मला विचारत होतात? खरंच विचारत होतात?"

"मग काय करणार? कुणाला तरी विचारायलाच हवं."

"आणि मी रोज रात्री ह्यांना फोनवर सांगतेय की तुमची आई मी केलेल्या प्रत्येक पदार्थाला नाक मुरडते! दार उघडून आत पाऊल टाकत नाही तोच 'कसला गं वास येतोय'! मी मसाला बदलला, तेल बदललं, ओटा दिवसातून दोनदा धुते!"

"तरीच ओटा इतका चकचकीत असतो," मावशी म्हणाल्या.

सुनेला हसायचं नव्हतं. ती हसली, मग तिने हसू आवरलं, आणि खुर्चीत बसून फोन मांडीवर ठेवला. खिडकीत, कुंडीच्या आड, एक्स-रेवर ती पांढरी भुकटी तशीच होती. वाऱ्याने तिची एक कड थोडी पुसली होती.

"ह्यांना सांगावं लागेल, आई. गॅसचं तर सांगावंच लागेल. वास आला की वाजणारं यंत्र मिळतं, ते उद्या बसवून घेऊ."

"बसवा. सांग त्याला. मी सांगू नको म्हणत नाही."

"मग?"

मावशींनी समोरची खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच नीट टेकून बसल्या.

"सकाळी दुकानात जायच्या आधी एकदा दुधाचा वास घेऊन मला सांगत जा, चांगलं आहे की नाही. एवढंच. पुढचा स्वयंपाक मी करते."